खालच्या खणातलं खरेदीखत

प्रिय ताई,

धाकटा बोलायला लागला आणि तुला ताई म्हणू लागला, तेव्हापासून मीही तुला ताईच म्हणते. पोटच्या पोरीला ताई म्हणताना कधी चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट कधीकधी वाटायचं, या घरात मोठी तूच आहेस आणि मी तुझ्या हाताखाली आहे. माझं अक्षर बघून हसू नकोस. ऑपरेशन झाल्यापासून उजव्या डोळ्याला लख्ख दिसतं आणि डाव्याला धुकं, त्यामुळे ओळी उताराला लागल्यासारख्या घसरतात. नव्या डोळ्याचा पहिला प्रताप म्हणजे घरातली धूळ दिसायला लागली. इतकी वर्षं मी समजत होते की आपलं घर आरशासारखं आहे. आता कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं दिसतात, सूनबाईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसतात, बोलताना माणूस नजर कुठे वळवतो तेही दिसतं. न दिसणं बरं होतं असं म्हणवत नाही, पण सुखाचं होतं खरं.

खाली दुकानात धाकटा काच कापतोय, तो किर्रर्र आवाज वरपर्यंत येतोय. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो चौकटीत बसवायचे आहेत, संध्याकाळी न्यायला येणार आहेत. म्हणजे तोवर कुणी वर फिरकणार नाही आणि मला निवांत लिहिता येईल. पत्र लांबेल. कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे. या खेपेला तेवढं करू नकोस. जसं घडलं तसं सांगते, तसंच वाच.

ऑपरेशनसाठी तू येऊन राहिलीस आणि परत गेलीस, त्यानंतर लवकरच हे सुरू झालं. मी वरच्या गॅलरीत काळा चष्मा लावून बसले होते. खाली एक माणूस आपल्या दुकानापुढे टेपने मापं घेत होता. कडक इस्त्रीचा शर्ट, कानावर पेन. आधी वाटलं, रस्ता खोदणार असतील. पण रस्ता खोदणारा माणूस मान वर करून खिडक्या मोजत नाही. ह्याने मोजल्या. मी वरून विचारलं, "काय हवंय?" तर म्हणाला, "काही नाही आजी, तुम्ही बसा निवांत." माझ्याच घरात निवांत बसायला ह्याची परवानगी! पुन्हा हटकलं तेव्हा टेप गुंडाळली आणि जाता जाता म्हणाला, "न्हाणीघर मागच्या अंगालाच आहे ना अजून?" ताई, आपलं न्हाणीघर कुठे आहे ते रस्त्यावरून दिसत नाही. कुणीतरी सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

मी तशीच खाली गेले आणि धाकट्याला विचारलं. त्याच्या हातात काच होती. "कोण माणूस? मला नाही माहीत," म्हणाला, आणि काच रेघ सोडून भलतीकडेच तडकली. बाबांच्या हाताखाली तयार झालेला मुलगा, डोळे मिटून सरळ कापेल असा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते चांदणं मला त्या तडकलेल्या काचेत दिसलं.

मग कपाट. खालच्या खणात, पांघरुणांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घराचं खरेदीखत असतं, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक. बाबा गेल्यावर घर माझ्या नावावर झालं, तो कागदही त्याच पिशवीत. पांघरुणं उन्हात घालायला काढली तर पिशवी नाही. मी सगळा खण उपसला, मग वरचे खण, मग गादीखाली. सूनबाई दारात येऊन उभी राहिली. "आई, काय शोधताय? मी बघू का?" तोंडात प्रश्न होता, चेहऱ्यावर नव्हता. मी म्हटलं, "पायमोजे." भर उन्हाळ्यात पायमोजे! तिने मान डोलावली आणि निघून गेली, जणू सासूने घामाने निथळत पायमोजे शोधणं रोजचंच आहे.

त्याच दिवशी तुला फोन केला. मी रडत होते, तुला आठवत असेल. तू म्हणालीस, "आई, मी म्हणतच होते. लांबच्यांपेक्षा जवळच्यांकडेच लक्ष ठेवावं लागतं." मग म्हणालीस की भांडू नकोस, कुणाला विचारू नकोस, घर बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून टाक, म्हणजे कुणाचा हात पोचायला नको, राहशील तूच, नाव तेवढं माझं. कागद तयार करून पाठवते म्हणालीस. तुला काय सांगू, काळजावरचा धोंडा उतरला. म्हटलं, एक तरी मूल आपलं निघालं.

त्यानंतर मी या घरात पहारेकऱ्यासारखी वावरले. खोलीच्या उंबऱ्याशी पावडर भुरभुरून ठेवायची, कोण येतं-जातं ते कळावं म्हणून. एकदा पावडरीत स्पष्ट पाऊल उमटलं होतं. म्हटलं, सापडले! मग शेजारी आपलं पाऊल ठेवून पाहिलं तर ते माझंच. मी स्वयंपाकघरात गेले की दोघं गप्प. एकदा जिन्यात थांबले होते, तेव्हा खालून धाकट्याचा आवाज आला, फोनवर बोलत होता, "नाही, आईला अजून काही कळलेलं नाही. आणि कळू द्यायचंही नाही." हे मी ह्या कानांनी ऐकलं. त्यात सूनबाईचं गोड वागणं. जिच्याशी लग्नापासून माझं मीठ कमी की जास्त यावर युद्ध चालू आहे, ती एकाएकी "आई, तुमच्याच हातचं बरं लागतं" म्हणायला लागली, तर सासूने सावध होऊ नये? तिने दिलेली औषधाची गोळी मी पाकिटावरचं नाव वाचल्याशिवाय घेत नसे. आपल्या माणसाच्या हातचं पाणी प्यायला भ्यायचं, ताई, याहून वाईट जगणं नसेल.

एका दुपारी धाकट्याने अचानक दुकानाचं शटर ओढलं. बगलेत पिशवी होती, आपलीच, मी ओळखली. मी काळा चष्मा चढवला, छत्री घेतली आणि त्याच्या मागे निघाले. उन्हात डोळ्याला पाणी येत होतं, तरी त्याची पाठ मी सोडली नाही. तो बाजाराच्या टोकाला औषधांच्या दुकानावरच्या माडीत शिरला. जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, वकिलाची. मला कळायचं ते कळलं. कठड्याला धरून मी वर गेले आणि दार उघडून तिथूनच ओरडले, "तुझ्या बापाच्या घामाचं घर आहे ते! मी मेल्यावर घे. जितेपणी कशाला लुटतोस?"

धाकटा उभाच राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, मला ते नाटक वाटलं. टेबलापलीकडे एक वकीलबाई होत्या, तुझ्याच वयाच्या, टेबलाखाली चपला काढून बसलेल्या. त्यांनी अनवाणीच येऊन मला खुर्ची दिली. "बसा आजी. बरं झालं तुम्हीच आलात. मी यांना कधीपासून सांगतेय, आईंना आणा म्हणून." मग पिशवी माझ्यापुढे सरकवली. "आधी हे बघून घ्या. सगळं आहे का?" सगळं होतं. खरेदीखत, बाबा गेल्यानंतरचा कागद, सगळं. मग त्यांनी दुसरा एक कागद काढला, झेरॉक्स होती. "आणि ही सही तुमची का?"

माझीच होती. उताराला लागलेली, एका डोळ्यावर पट्टी असताना केलेली. शेजारी अंगठा. वर ठळक अक्षरात मुखत्यारपत्र. त्यांनी वाचून दाखवलं. माझं घर विकायचा, विक्रीच्या कागदावर माझ्या वतीने सही करायचा, आलेले पैसे घ्यायचा अधिकार मी माझ्या मुलीला दिला होता. तुला.

मी म्हटलं, "हे बँकेचं आहे. माझ्या मुलीने वाचून दाखवलंय मला." वकीलबाई हळूच म्हणाल्या, "आजी, यात बँकेचं नावसुद्धा नाही."

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची दुपार तुलाही आठवत असेल. मी उशीला टेकून बसले होते. तू बँकेचे म्हणून कागद मोठ्याने वाचत होतीस, मध्येच थांबून पान उलटत होतीस. शाईचा पॅड घेऊन एक गृहस्थ आले होते, त्यांनी माझा अंगठा धरून टेकवला. मी तर म्हटलं होतं, किती चांगली बँक, घरी माणूस पाठवते. एवढ्याशा कामाला एवढी पानं कशी, असंही विचारलं होतं. तू म्हणालीस, "बँकवाले असेच, आई. ओळीची गोष्ट पानभर करतात."

धाकट्याने काय केलं होतं ते आता ऐक. मी टेपवाल्याचं सांगितल्यावर तो त्याला शोधत गेला. तो माणूस घर घेणाऱ्याचा निघाला. त्याने सरळ मुखत्यारपत्राची प्रत दाखवली, "तुमच्या बहिणीशीच बोलणं चाललंय." धाकट्याने त्याच संध्याकाळी पिशवी खणातून काढली आणि दुसऱ्या दिवशी वकीलबाईंना दाखवून दुकानात कुलपात ठेवली, कारण मूळ खरेदीखत हाती नसेल तर घेणारा पुढे सरकत नाही. पुढे काही विचारायला तो अधूनमधून ती बरोबर घेऊन जायचा, तशी त्या दिवशी मी पाहिली. मी त्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" मग स्वतःच म्हणाला, "ताईला फोन केला असतास. आणि मीच चोर ठरलो असतो." बस, एवढंच. घरी येताना त्याने छत्री माझ्यावर धरली आणि स्वतः उन्हातून चालला. घरी आल्यावर सूनबाईने चहा दिला, तो मी कपाच्या तळाची नक्षी दिसेपर्यंत प्यायले.

पुढे मी वकीलबाईंकडे एकटीच जायला लागले. माझे प्रश्न अडाण्याचे, पण त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, "मुखत्यारपत्र म्हणजे मी नेमकं दिलं काय?" त्या म्हणाल्या, "किल्ली नाही दिलीत आजी, हात दिलात. तिची सही ती तुमची सही." परत घेता येतो का हात? येतो, म्हणाल्या, पण मनातल्या मनात नाही. लिहून, नोंदणी कार्यालयात नोंदवून, ज्याला दिला त्याला आणि घेणाऱ्याला कळवून. मग बक्षीसपत्राचं विचारलं. "ते केलं की घर त्याच दिवशी तुमच्या हातून गेलं. पुढे पश्चात्ताप झाला म्हणून परत मिळत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. ते तुमच्या माघारी बोलायला लागतं. तोवर हवं तितक्या वेळा बदला." मी म्हटलं, मग मी दर आठवड्याला बदलेन, सूनबाई कशी वागते ते बघून. तेव्हा त्या खळखळून हसल्या.

मुखत्यारपत्र आम्ही रद्द केलं. घेणाऱ्यालाही कळवलं. मग मी म्हटलं, आता मृत्युपत्र लिहा. सगळं धाकट्याला, आणि मुलीच्या नावावर काट. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आज नको. रागात लिहिलेलं मृत्युपत्रही पक्कंच असतं, आजी. राग उतरला की या." मी चडफडत घरी आले. मनात म्हटलं, हीसुद्धा तुलाच सामील.

त्याच आठवड्यात तो टेपवाला दुकानात येऊन धाकट्यावर आवाज चढवायला लागला, की आमचा वेळ गेला, आमचं नाव खराब झालं. मी खाली उतरले. म्हटलं, माझ्याशी बोला, घर माझं आहे. तुमचा व्यवहार माझ्या मुलीशी झाला, मग तिलाच जाऊन विचारा. तर तो म्हणतो, "बाईंशी आमचं कुठे बोलणं झालं? त्यांचे यजमान, साहेबच बोलायचे. बाई नुसत्या शेजारी बसलेल्या असायच्या. सही करायच्या वेळी त्या थांबल्या, तर साहेबांनी बोट ठेवून दाखवलं, इथे कर."

इथे कर. ताई, त्याने ते ज्या आवाजात म्हणून दाखवलं, तो आवाज माझ्या कानातून जाईना. रागावलेली मी जिन्यातच बसले आणि आपलं बोलणं एकेक आठवत गेले. हल्ली तुला फोन केला की तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. मी समजत होते फोन बिघडलाय, तो स्पीकरवर असेल हे डोक्यात आलं नाही. तू एक वाक्य बोलायच्या आधी थांबतेस. एकदा मी विचारलं, झोप लागते का नीट, तर उत्तराच्या आधी पुरुषाच्या खाकरण्याचा आवाज आला. बक्षीसपत्राचं तू सांगितलंस ते बोलल्यासारखं नव्हतं, वाचल्यासारखं होतं. इथे होतीस तेव्हा रोज जिन्यात जाऊन फोनवर कुणाला तरी सांगायचीस, आज मी कुठे गेले, किती वाजता परत आले. मी मनात म्हणायचे, जावयांना किती काळजी! निघायच्या दिवशी बॅग उचललीस आणि दोनदा दारातून परत आलीस. मला वाटलं, माझ्या डोळ्याची चिंता.

आता खरं काय ते मला माहीत नाही. तूच मला फसवलंस आणि ते मान डोलावत बसले, की त्यांनी फसवलं आणि तू बसून राहिलीस? धाकट्यावर घेतलेला संशय खोटा ठरला, तसा जावयांवरचाही कदाचित ठरेल. ठरला तर मी त्यांच्यापुढे हात जोडेन. आणि तूच केलेलं असशील तर मी तुला सहजी सोडणार नाही, हेही लिहून ठेवते. माझी पट्टी बांधलेली असताना केलंस, ते फार लागलं. पण तूच केलेलं असावंस अशी मी इच्छा करते, यावरून दुसऱ्या शक्यतेची मला किती धास्ती वाटते ते समज.

मी परत वकीलबाईंकडे गेले. विचारलं, मुलीला दिलेलं जावयाचं होतं का? म्हणाल्या, होत नाही, पण तिच्याकडून सही करून घेतली तर होतं. मी म्हटलं, मग असं काही नाही का, जे कुणी बोट ठेवून सही मागितली तरी तिच्या हातून जाणारच नाही? त्या म्हणाल्या, "आहे. राहण्याचा हक्क. ती जन्मभर राहील, पण तो विकता येणार नाही, कुणाला देता येणार नाही." तसंच लिहिलंय. घर धाकट्याचं, आणि वरच्या मागच्या खोलीत हयातभर राहायचा हक्क तुझा. त्या वेळी त्यांनी धाकट्याला बाहेर बसवलं. ज्याला मिळणार तो खोलीत नको, साक्षीदार तर नकोच. साक्षीदार म्हणून खालचे औषधवाले आणि माझे डोळ्यांचे डॉक्टर. डोकं शाबूत असल्याचा दाखला डोळ्यांच्या डॉक्टरने दिला, काय काळ आलाय! तुला हा वाटा कमी वाटेल. वाटू दे. ये आणि माझ्याशी भांडून तो बदलून घे. धाकट्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही, तरी परवा त्याने मागच्या खोलीतल्या जुन्या चौकटी स्वतःहून खाली नेल्या आणि सूनबाईने खिडकीच्या काचा पुसल्या. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "असंच, आई."

मुखत्यारपत्र रद्द झाल्याची नोटीस आता फक्त तुझीच जायची राहिली आहे. टेपवाल्याने जावयांच्या कानावर घातलंही असेल, पण हातात कागद पडणं वेगळं. ती नोटीस तुझ्या घरच्या पत्त्यावर जाईल. वर नाव तुझं असेल, पण ती फोडणार कोण ते मला ठाऊक नाही, आणि ती वाचल्यावर त्या घरात काय होईल तेही नाही. मी वकीलबाईंना म्हटलं, थोडं थांबा, आधी माझं पत्र पोचू दे. फोनवर हे बोलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिलं, आणि घरी न पाठवता तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतेय. वाचून झालं की फाडून टाक. नोटीस येईल त्या दिवशी तू तिथे नसावीस. शाळेतून थेट निघ, सामान नाही आणलंस तरी चालेल. धाकटा घ्यायला येईल, त्याला मी एवढंच सांगितलंय की ताई कदाचित येईल, आणि त्याने कारण विचारलं नाही. फोन शाळेतूनच कर. आणि "आई, मी मजेत आहे, काळजी करू नकोस" एवढंच म्हणून ठेवलास, तर त्यावर मी मुळीच विश्वास ठेवणार नाही. मी स्वतः तुझ्या दारात येऊन उभी राहीन.

रागावलेली, तरीही तुझीच,
आई